दोन सारख्या बोटी आणि एक वजनकाटा: छोट्या मोटरबोटीच्या निवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पाच जणांच्या एका कुटुंबाचे आहे. नवरा-बायको, बारा आणि नऊ वर्षांची दोन मुले आणि बाईंचे वडील, वय वर्षे ७३. गोड्या पाण्याच्या एका मोठ्या जलाशयावर ही मंडळी दोन हंगाम भाड्याची मोटरबोट घेऊन जात होती, आणि तिसऱ्या हंगामाआधी स्वतःची वापरलेली बोट घ्यावी असे त्यांनी ठरवले. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मोजमापे मात्र त्या वेळी वहीत टिपलेलीच दिली आहेत. या व्यवहारात माझे काम बोटी तपासण्याचे आणि सल्ला देण्याचे होते, निर्णय त्यांचा होता. ही वाटणी मी पुढे एकदा विसरलो, त्याचाही उल्लेख येईल.

जलाशयाचा स्वभाव आधी सांगायला हवा, कारण बोट पाण्यासाठी निवडायची असते. ज्या काठावरून बोट पाण्यात सोडायची, तिथून पोहण्याची आणि गळ टाकण्याची आवडती जागा पलीकडच्या काठाला, सुमारे ६ किलोमीटरवर आहे. सकाळी पाणी आरशासारखे असते. दुपारनंतर वारा लांबच्या लांब पट्ट्यावरून येतो आणि आखूड, उभ्या, साधारण अर्ध्या मीटरच्या लाटा उठवतो. अशा लाटा समुद्रातल्या लांब लाटांपेक्षा उंचीने कमी असल्या तरी छोट्या बोटीला जास्त त्रास देतात, कारण एक लाट उतरते न उतरते तोच दुसरी समोर उभी असते.

अडचण

दोन बोटी पसंतीस उतरल्या होत्या आणि कागदावर त्यांच्यात फरक शोधावा लागत होता. दोन्ही फायबरच्या, दोन्ही ५ मीटरच्या आसपास लांब, दोन्हींवर ६० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेले) इंजिन, दोन्हींबरोबर ट्रेलर, वयात एका वर्षाचे अंतर आणि किमतीत नाव घेण्याजोगा फरक नाही. एक पांढरी होती आणि दुसरी निळी. पुढे तीच नावे वापरतो.

कुटुंबात दोन तट पडले होते. नवऱ्याला निळी हवी होती, कारण लाटांमध्ये ती चांगली चालते असे त्याने ऐकले होते. बाईंना पांढरी हवी होती, कारण तिच्यात जागा मोठी वाटत होती. दोघांचेही म्हणणे बरोबर होते, आणि अडचण तिथेच होती. दोन बोटी अगदी वेगळ्या असत्या तर गरज पाहून एक सरळ बाजूला काढता आली असती. सारख्या दिसणाऱ्या बोटींत मात्र माणूस रंग, खुर्च्यांची शिलाई आणि विकणाऱ्याचा स्वभाव यांवर घसरतो.

पाण्याखालचा फरक

बोट ट्रेलरवर असताना मागे जाऊन खाली वाकून पाहिले की कागदावर न दिसणारी गोष्ट दिसते. दोन्हींचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा होता, पण मागच्या टोकाला पांढरीच्या तळाचा आडव्या रेषेशी कोन १२ अंशांच्या आसपास होता आणि निळीचा २० अंशांच्या. पांढरी २.१५ मीटर रुंद होती, निळी २.०५ मीटर. उघड्या सांगाड्याचे वजन पांढरीच्या माहितीपत्रकात ४३० किलो होते, निळीच्या ५६० किलो.

या आकड्यांचा अर्थ असा. तळ जितका खोल व्ही, तितका तो लाट चिरत जातो आणि आपटण्याचा दणका कमी होतो; पण तीच बोट थांबलेली असताना टेकायला सपाट असे काही नसल्यामुळे लवकर कलते. तळ उथळ आणि रुंद असेल तर थांबलेली बोट फळीसारखी स्थिर राहते, कमी वेगालाही पाण्यावर चढून सरपटते, पण लाटांत दणके देते. थोडे कलल्यावर बोटीला परत सरळ करणारा जोर पाण्याला टेकलेल्या रुंदीच्या घनाबरोबर वाढतो, म्हणजे तेवढी रुंदी १० टक्के जास्त असली तर जोरातला तो भाग सुमारे ३३ टक्के जास्त असतो. कागदावरचा १० सेंटिमीटरचा फरक म्हणूनच किरकोळ नव्हता. शिवाय खोल तळाची बोट थांबल्यावर पाण्याला टेकणारी रुंदी एकूण रुंदीपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे खरा फरक त्याहूनही मोठा होता.

कसोट्या ठरवताना

मी कुटुंबाला आधी एक काम दिले होते. भाड्याच्या बोटीवरच्या पुढच्या चार सहलींत घड्याळ लावून टिपायचे, बोट वेगात किती वेळ चालली आणि बाकी वेळ काय करत होती. चार सहलींत मिळून २१ तास १० मिनिटे पाण्यावर गेली होती. त्यांपैकी वेगात चालण्याचा वेळ ४ तास ५० मिनिटे, म्हणजे चौथा हिस्साही नाही. उरलेला सगळा वेळ बोट नांगर टाकून उभी होती किंवा अगदी हळू सरकत होती. मुले पाण्यात उड्या मारत होती, आजोबा गळ टाकून बसले होते.

बोट घेणारा माणूस स्वतःला थ्रॉटलवर हात ठेवून उभा असलेला पाहतो, नांगरलेल्या बोटीत बसलेला पाहत नाही. वहीतल्या आकड्यांनी नवऱ्याचे मत बदलले नाही, पण वाद कशावर घालायचा हे बदलले. लाटांत चांगली चालणारी बोट हवी, या वाक्यापुढे आता दुसरा प्रश्न उभा राहिला: लाटांत किती वेळ?

पाण्यातली चाचणी, आणि तिच्यातली चूक

पहिली चाचणी विकणाऱ्यांनी ठरवल्याप्रमाणे झाली: सकाळी, सपाट पाण्यात, बोटीत मी आणि नवरा असे दोघे. पांढरीने २८ नॉट वेग दिला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), निळीने २६. दोन्ही उत्तम वाटल्या. अशा चाचणीतून इंजिन चालू होते एवढेच कळते. सपाट पाण्यात दोन माणसांना घेऊन कुठलीही बोट चांगलीच वाटते, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते.

म्हणून दुसरी चाचणी आम्ही दुपारी घेतली आणि बोटीत २० लिटरचे नऊ कॅन पाण्याने भरून ठेवले. १८० किलो पाणी आणि आम्ही दोघे मिळून पाच जण आणि सामान यांच्या वजनाएवढा भार झाला. पांढरीचे इंजिन दोन माणसांसह मिनिटाला ५६०० फेरे करत होते. पूर्ण भाराने ते ५०५० वर आले. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० फेऱ्यांची मर्यादा होती, आणि नेहमीच्या भाराने इंजिन या पट्ट्याच्या वरच्या भागात फिरायला हवे. तळाशी घुटमळणारे इंजिन म्हणजे चढावर वरच्या गिअरमध्ये रेटलेली गाडी. त्यावर उपाय सोपा असतो: बोट ढकलणाऱ्या पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो हिशेबाने जेवढे पुढे सरकतो ते अंतर, एक इंचाने कमी केली की साधारण २०० फेरे वाढतात. ती नोंद करून पुढे गेलो.

लाटांत निळी खरोखर सुरेख चालली. १८ नॉटला ती लाटा कापत होती आणि गुडघे सैल ठेवले की उभे राहता येत होते. त्याच वेगाला पांढरी इतकी आपटली की एका कॅनचे झाकण उडाले. वेग १२ नॉटपर्यंत खाली आणल्यावर ती शांत झाली. इथे एक गोष्ट मला अपेक्षेपेक्षा ठळक दिसली: १२ नॉटलाही पांढरी पाण्यावर चढलेली राहिली, तर निळी १५ च्या खाली येताच मागून बसली, पुढचे टोक वर उचलले गेले आणि समोरचे पाणी दिसेना. म्हणजे लाटांत निळी वेगात नेता येते आणि तिला वेगातच न्यावे लागते. पांढरी हळू न्यावी लागते आणि हळू नेता येते.

मग हिशेब मांडला. ६ किलोमीटरचे अंतर १८ नॉटने सुमारे ११ मिनिटांत तुटते, १२ नॉटने सुमारे १६ मिनिटांत. खोल तळाचा सगळा फायदा या जलाशयावर, या कुटुंबासाठी, खराब दुपारी पाच मिनिटांचा होता. इंधनातला फरक त्याहून किरकोळ होता, त्यावर वेळ घालवला नाही.

धक्क्यावर परतल्यावर उलटी कसोटी घेतली. बोट दोरांनी सैल बांधून दोन मोठी माणसे एका बाजूच्या काठाशी उभी केली आणि काठ किती खाली गेला ते टेपने मोजले. पांढरीचा १२ सेंटिमीटर, निळीचा १८. आजोबा हे सगळे धक्क्यावरून पाहत होते. निळीवर पाय ठेवताच ती खाली गेली, तसा त्यांनी पाय मागे घेतला आणि काही बोलले नाहीत. खरे तर हीच मोजणी त्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची होती, पण ती आमच्या यादीत नव्हती. मी दोन तरण्या माणसांवर भागवले होते.

वजनकाटा

इथपर्यंत कल स्पष्टपणे पांढरीकडे होता. इंजिने मी बारकाईने तपासली होती. चारही सिलिंडरांचा दाब दोन्हींत एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत होता, गिअरचे तेल दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे सीलमधून पाणी शिरत नव्हते, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाजूच्या छिद्रातून जोरात पडत होती. व्यवहार जवळपास पक्का झाला होता.

तेव्हा बाईंनी विचारले की आपली गाडी हे ओढेल का. गाडीच्या पुस्तिकेत ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी १००० किलोंची मर्यादा होती. पांढरीचे गणित मी तोंडी केले आणि सहज बसते असे सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी दोन्ही विकणाऱ्यांना ट्रेलरसह बोट वजनकाट्यावर आणायला लावली. मला तो वेळेचा अपव्यय वाटला होता, हे इथे नोंदवतो.

पांढरीचा हिशेब असा होता: सांगाडा ४३०, इंजिन ११५, बॅटरी १८, पाव टाकी पेट्रोल १३, आणि ट्रेलरच्या पट्टीवर लिहिलेले त्याचे वजन २१०, एकूण ७८६ किलो. काटा दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवत होता. त्याने ८५० दाखवले. निळीचा हिशेब तिची आणि तिच्या ट्रेलरची वजने धरून तसाच केला तर ९४६ येत होता, काट्यावर ९५० आले.

६४ किलो जास्त. माहितीपत्रकातली वजने थोडी कमी सांगितलेली असतात, हे मला माहीत होते आणि तेवढ्यावर मी सोडूनही दिले असते. पण दुसऱ्या बोटीचा हिशेब जुळत होता, आणि पांढरीत सामानाचे सगळे कप्पे आमच्यासमोर रिकामे केले होते. न दिसणारे ६४ किलो बोटीत कुठेतरी होते, आणि बोटीत न दिसणारे वजन म्हणजे बहुधा पाणी.

ज्या उभ्या मागच्या भिंतीवर इंजिन टांगलेले असते तिला ट्रान्सम म्हणतात. फायबरच्या पुष्कळ बोटींत तिच्या पोटात प्लायवूड असते. शिडी, खोली मोजणारे यंत्र, नळी अशा कारणांनी तिला भोके पाडली जातात आणि भोकांतले सीलंट वर्षांनी सुकून फाटते. त्यातून पाणी प्लायवूडमध्ये झिरपते, आणि बाहेरचे फायबर चकचकीतच राहते. तळाखाली बोट तरंगती राहावी म्हणून भरलेला फोमही वर्षानुवर्षे पाण्यात बसला तर पाणी धरतो. फोम ओला झाला की वजन वाढते आणि ज्या कामासाठी तो भरला, ते तरंगण्याचे काम कमी होते.

मी प्लॅस्टिकची हातोडी घेऊन ट्रान्समवर ठोकत गेलो. वरच्या अर्ध्या भागात आवाज टणक येत होता. उजवीकडे खाली, खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पट्टीजवळ तो मेलेला येऊ लागला. ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा काटाही तिथेच वर गेला. इंजिन उचलून त्याच्या खालच्या टोकावर वजन टाकले तेव्हा ट्रान्सम डोळ्यांना दिसेल इतका लवला नाही, ही त्यातल्या त्यात बरी बातमी होती. शेवटी विकणाऱ्याच्या परवानगीने पट्टीचा खालचा स्क्रू काढला. स्क्रूबरोबर थेंबभर नाही, एक बारीक धार आली, गंजासारखी तपकिरी, आणि ती थांबायला काही सेकंद लागले. विकणारा तिथेच उभा होता. त्याला हे माहीत नव्हते, असे त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय निळीचा होता. ती कोरडी होती, ठणठणीत होती. पण काट्यावरच्या ९५० मध्ये उरलेल्या पाऊण टाकीचे ३९ किलो आणि नांगर, दोर, लाईफ जॅकेट वगैरे ५० किलो मिळवले की १०३९ होत होते, म्हणजे गाडीच्या मर्यादेबाहेर. पेट्रोल काठावर भरायचे आणि सामान गाडीच्या डिकीत टाकायचे, अशी पळवाट नवऱ्याने सुचवली. पळवाट नियमात बसत होती, पण दर सहलीला कुणीतरी काहीतरी विसरून बोटीत ठेवणारच, आणि मर्यादेच्या काठावर सतत राहणे उताराच्या रस्त्यावर ब्रेकला परवडत नाही.

दुसरा पर्याय निळी घेऊन ती हंगामभर धक्क्याला पाण्यातच ठेवण्याचा. मग ओढण्याचा प्रश्न उरत नाही. पण जलाशयाची पातळी हंगामात बरीच खाली जाते, तळाला शेवाळ धरू नये म्हणून रंग द्यावा लागतो, आणि पावसाचे पाणी साचून बॅटरी उतरली की तळातले पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप बंद पडतो व बोट बांधल्या जागी बुडते. दर दोन दिवसांनी जाऊन पाहणारे कुणी या घरात नव्हते. आजोबांनी मागे घेतलेला पाय या पर्यायातही तसाच राहत होता.

तिसरा पर्याय पांढरी आहे तशी, किंमत पाडून घेण्याचा. विकणारा लगेच तयार झाला, आणि या तयारीमुळेच मी सावध झालो. ट्रान्समचे काम उघडल्याशिवाय किती आहे ते कळत नाही, त्यामुळे किती किंमत पाडावी हेही कळत नाही.

चौथा पर्याय पांढरी दुरुस्त करून, विकणाऱ्याच्या खर्चाने आणि आमच्या अटींवर घेण्याचा. पाचवा काहीच न घेण्याचा.

माझा सल्ला पाचवा होता आणि मी तो गरजेपेक्षा जोरात मांडला. ओली बोट एकदा उघडली की ओलावा कुठे संपतो ते कुणालाच सांगता येत नाही, आणि सारख्या बोटी बाजारात पुन्हा येतात. बाईंनी शांतपणे एक मुद्दा काढला: तपासलेल्या दोनपैकी एका बोटीतला दोष आपल्याला कळला आहे, पुढच्या वर्षी जी बोट मिळेल तिच्यातला दोष कळलेला नसेल. याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

निर्णय आणि कृती

चौथा पर्याय ठरला. करार लेखी झाला आणि त्यात चार अटी होत्या. काम विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे, तिसऱ्याच कार्यशाळेत व्हावे. ट्रान्सम आतून उघडून प्लायवूड पूर्ण बदलावे आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो द्यावेत. मागच्या भागातला फोम काढून नवा, बंद पेशींचा फोम भरावा. आणि शेवटी बोट त्याच वजनकाट्यावर, त्याच अवस्थेत, पाव टाकी पेट्रोलसह ठेवावी व वजन ८२० किंवा त्याहून कमी भरले तरच उरलेली रक्कम द्यावी.

चौथी अट माझी नव्हती, बाईंची होती. दुरुस्ती चांगली झाली की वाईट, हे रंग दिल्यावर डोळ्यांनी कळत नाही; वजन मात्र लपवता येत नाही. ८२० हा आकडा वाटाघाटीतून आला. हिशेबाचे ७८६ मागणे रास्त नव्हते, कारण माहितीपत्रकाच्या वजनावर आम्हालाही पूर्ण विश्वास नव्हता.

कामाला अकरा आठवडे लागले. प्लायवूडचा खालचा तिसरा भाग हाताने चुरडेल इतका कुजला होता. नवे प्लायवूड बसवताना जुनी भोके पुन्हा पाडावी लागली. या वेळी प्रत्येक भोक आधी मोठे पाडून इपॉक्सीने भरले आणि मग त्या इपॉक्सीत लहान भोक पाडले, म्हणजे सीलंट गेले तरी पाण्याला लाकूड सापडू नये. बोट काट्यावर आली तेव्हा वजन ८१० भरले.

निष्पत्ती

अर्ध्याहून जास्त हंगाम गेला. मुले नाराज होती आणि त्यांचे चुकत नव्हते. उरलेल्या हंगामात १४ सहली झाल्या. पंख्याची पिच १३ इंचांवरून १२ वर आणली. पूर्ण भाराने इंजिन आता ५३५० फेरे करते, त्यात दुरुस्तीनंतर उतरलेल्या वजनाचाही वाटा आहे.

आजोबा पहिल्याच दिवशी कुणाचा हात न धरता बोटीत उतरले. बाजूच्या आसनावर बसून गळ टाकताना त्यांना दुसऱ्या बाजूला कुणी बसले आहे का हे पाहावे लागत नाही.

लाटांची किंमतही चुकवावी लागली. १४ पैकी तीन दुपारी परतताना वारा होता. त्यातल्या पहिल्या वेळी नवऱ्याने सवयीने १८ नॉट धरले आणि तिसऱ्या-चौथ्या दणक्याला धाकट्याचा ओठ पुढच्या कठड्यावर आपटून फुटला. त्यानंतर वाऱ्यात वेग १२ च्या वर न्यायचा नाही असे ठरले. मी त्यांना इंजिनाचा कोन बोटीकडे दाबून ठेवायला शिकवले. त्याने पुढचे टोक खाली राहते आणि लाटेला तळाचा सपाट मागचा भाग नव्हे, तर धारदार पुढचा भाग भेटतो. उरलेल्या दोन दुपारी त्यामुळे बऱ्या गेल्या, कपडे भिजले एवढेच.

एक गोष्ट आम्ही फार उशिरा वाचली. युरोपीय नियमांप्रमाणे बनलेल्या बोटींना एक पट्टी असते आणि तिच्यावर बोटीचा वर्ग व माणसांची संख्या लिहिलेली असते. सी वर्ग म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफोर्ट मापावर ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतच्या लाटा; डी वर्ग म्हणजे बोफोर्ट ४ पर्यंतचा वारा आणि ०.३ मीटरच्या लाटा, क्वचित अर्ध्या मीटरच्या. निळीवर सी वर्गात सहा माणसे लिहिली होती. पांढरीवर सी वर्गात पाच आणि डी वर्गात सहा. घरची माणसे पाचच, त्यामुळे बिघडले काही नाही. पण सहावा पाहुणा असेल तर दुपारी पलीकडून परतणे पांढरीच्या मर्यादेवर जाते. आता पाहुणा आला की ते सकाळी जातात आणि वारा उठण्याआधी परततात. ही पट्टी पहिल्या दिवशी वाचली असती तर नवऱ्याच्या बाजूला आणखी एक सबळ मुद्दा आला असता, आणि तो त्याच्या हक्काचा होता.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा असायला हवा होता. वजनकाट्याला अर्धा तास लागला. पाण्यातल्या चाचण्यांत दोन शनिवार-रविवार गेले. बोट आधी काट्यावर नेली असती तर निळी ओढण्याच्या मर्यादेबाहेर आहे आणि पांढरीत पाणी आहे, या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी कळल्या असत्या, आणि दुरुस्ती तेवढी आधी सुरू झाली असती. गेलेल्या हंगामातले तेवढे दिवस बोटीने नाही, आमच्या क्रमाने खाल्ले.

माझी स्वतःची चूक वेगळी आहे. इंजिन तपासायला मी दोन तास दिले आणि ट्रान्समला दहा मिनिटे. इंजिन मला आवडते, त्यात हात काळे करायला मजा येते. ओल्या लाकडावर हातोडी ठोकत बसण्यात ती नाही. शिवाय इंजिन बिघडले तर ते काढून दुसरे लावता येते. ज्या भिंतीवर ते टांगले आहे ती गेली तर बोटच जाते. वेळ कुठे जास्त द्यायचा हे यावरून ठरायला हवे होते.

आजोबांना चाचणीच्या पहिल्याच दिवशी दोन्ही बोटींत चढवून-उतरवून पाहायला हवे होते. टेपने मोजलेले १२ आणि १८ सेंटिमीटर मला पटले, पण नवऱ्याला पटले ते वडीलधाऱ्या माणसाने मागे घेतलेल्या पायामुळे, आणि तो पाय आम्हाला केवळ योगायोगाने दिसला होता.

दुरुस्तीच्या अटींत मागच्या भागातल्या फोमचा उल्लेख होता, मधल्या भागातल्या नव्हता. मधला भाग उघडायचा तर अख्खी फरशी काढावी लागते, म्हणून आम्ही तो विषय सोडला. ८१० आणि हिशेबाचे ७८६ यांच्यातल्या वीस-पंचवीस किलोंचा उलगडा त्यामुळे अजून झालेला नाही. ती माहितीपत्रकाची फेकही असू शकते आणि फरशीखालचे पाणीही. हंगाम संपल्यावर मागची बूच काढून, पुढचे टोक उंच करून बोट महिनाभर वाळवली, आणि पुन्हा त्याच काट्यावर नेली. काट्याने ८०० दाखवले. पुढच्या वर्षीही ती त्याच वेळी, पाव टाकी पेट्रोल ठेवून, तिथेच नेण्याचे ठरले आहे.